मदत हवी आहे: शेकडो फोटोंतले फाइंडला सातच कसे दिसतात?

मंडळी, फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी मराठी नाटक असतं. त्याचे सहा वर्षांचे फोटो माझ्याकडे एका डिस्कवर आहेत, वर्षाला एक फोल्डर. पावसात आमच्याकडे भिंतींनाही बुरशी धरते, म्हणून सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. आता दोन्हीकडचे फोटो मोजून ताळा बघायचाय. उबुंटू आहे, टर्मिनलशी ओळख जेमतेम. (मोबाईलवरून लिहितोय, म्हणून कमांडही देवनागरीत.)

आधी फायलींची यादी दाखवणारं एलएस *.जेपीजी दिलं, एकच फोटो आला. एलएस आतल्या फोल्डरांत शिरत नाही, हे नंतर कळलं. मग आतपर्यंत शोधणारं फाइंड, आणि सापडलेल्या ओळी मोजायला डब्ल्यूसी:

फाइंड . -नेम *.जेपीजी | डब्ल्यूसी -एल

उत्तर ७! गेल्या जत्रेचेच पाचशेवर फोटो डोळ्यांना दिसताहेत. डिस्क गेली की काय?

प्रतिसाद
डिस्कला काही झालेलं नाही. एलएसला दिसलेला तो एक फोटो कुठला? त्याच नावाची फाइल प्रत्येक वर्षाच्या फोल्डरात आहे का बघा. तारका अवतरणात नसली की फाइंडपर्यंत पोचायच्या आधीच शेल (टर्मिनलमध्ये तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) तिच्या जागी समोरच्या फाइलचं नाव घालतं. सगळ्यात वरच्या फोल्डरात दोन-तीन फोटो असते तर निदान एरर तरी आली असती, तुमचा एकच होता म्हणून गुपचूप फसलात. असं करा:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.जेपीजी' | डब्ल्यूसी -एल

आयनेम लहान-मोठी अक्षरं एकच धरतं. बरेच कॅमेरे जेपीजी मोठ्या अक्षरांत लिहितात. सगळ्या प्रकारांची मोजणी हवी तर सेडने नावातलं एक्स्टेन्शन (शेवटच्या टिंबानंतरचा भाग) तेवढं ठेवा:

फाइंड . -टाइप एफ | सेड 'एस/.*\.//' | सॉर्ट | युनिक -सी

सॉर्ट गाळू नका, युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. एक्स्टेन्शन नसलेल्या फायलींचा मात्र यात अख्खा पत्ता दिसेल. आणि आकडे जुळले म्हणजे आतला मजकूर जुळला असं नाही, त्यासाठी दोन्ही फोल्डरांवर डिफ -आरक्यू चालवा, ते फायली आतून ताडून बघतं.

धागाकर्ता
पोस्टर.जेपीजी! वर एक, सहा फोल्डरांत सहा. आता जुन्या डिस्कवर ३४६६ आणि नव्यावरही तेवढेच. दुसऱ्या कमांडने आणखी ३८ जेपीईजी दाखवले, ते व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेले. माझ्या हिशेबात नव्हतेच. डिफ लावून जेवायला बसतोय. देव बरें करूं!