रोज लिहूनही लिखाण सुधारत नाहीये, काय करू?

शेवचिवडा:
मंडळी, सल्ला हवाय. रोज रात्री पानभर तरी लिहितेच मी, पण मागच्या वर्षीचं आणि आत्ताचं शेजारी ठेवून वाचलं तर फरक शून्य, तेच ठरलेले शब्द आणि प्रत्येक वाक्य 'होतं' नाहीतर 'आहे'वर येऊन बसतं. भरपूर वाचा भरपूर लिहा सांगू नका प्लीज, ते चालूच आहे.

तिरपा_डोळा:
रोज लिहिणं ही झाली सवय, सराव वेगळा. अँडर्स एरिक्सन वगैरे मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर शोधनिबंध लिहिला, त्यांचं म्हणणं साधारण असं की कच्ची जागा हेरून तेवढीच घोटायची आणि चुकलं कुठे ते लगेच कळायला हवं. लिखाणात ते सांगणार कोण, हीच तर गोची! बेंजामिन फ्रँकलिनने पोरवयात यावर भारी तोड काढलेली. लंडनच्या 'स्पेक्टेटर' नियतकालिकातला आवडलेला लेख घ्यायचा, वाक्यावाक्याचा आशय थोडक्यात टिपायचा, लेख काही दिवस बाजूला ठेवायचा, मग नुसत्या टिपणांवरून तो परत लिहायचा आणि मूळ लेखाशी ताडून बघायचा. शब्द कमी पडतायत असं दिसल्यावर पठ्ठ्याने गद्याचं पद्य केलं, आणि मूळ विसरल्यावर पद्याचं परत गद्य. कधी टिपणं मुद्दाम विस्कटून क्रम पुन्हा लावायचा. भावाच्या छापखान्यात उमेदवारी चालू होती तेव्हा, त्यामुळे हे सगळं कामाच्या आधी, नंतर, नाहीतर रविवारी चर्चला दांडी मारून :)

मोरावळा:
याने दुसऱ्याची शैली चिकटणार नाही का?

तिरपा_डोळा:
चिकटू दे की थोडी, लेखक बदलत राहा म्हणजे झालं.

खिळे_जुळारी:
मी कॉपी तपासायचं काम करतो, माझे दोन पैसे. तुमचा आजार तुम्हीच ओळखलाय, तर आठवडाभर फक्त त्याच्याच मागे लागा, बाकी काही सुधारू नका. जुनाच परिच्छेद घ्या आणि 'होतं' खोडत जा. 'बाजारात गर्दी होती आणि ऊनही होतं' याचं 'बाजारातून बाहेर पडेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला' झालं, गर्दी नि ऊन दोन्ही आपोआप आले. पण सगळीच वाक्यं अशी करू नका हां, जाहिरातीसारखं वाटायला लागतं.

शेवचिवडा:
हे जमेल असं वाटतंय. त्या टिपणांसाठी पेपरातला अग्रलेख घेतला तर चालेल?

खिळे_जुळारी:
अग्रलेख नको, त्यात निम्मी वाक्यं 'करण्यात आले'ची. पानभराचं ललित घ्या, आणि ताडताना फक्त क्रियापदांखाली रेघ मारा, त्यांची आणि तुमची.