‘धातुसमृद्ध’ की ‘धातुरेषी’ तारे?
(गटातली चर्चा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी गाव दिलंय.)

चिकोडी : शाळेतल्या मुलांसाठी जोडताऱ्यांवर, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांवर, टिपण लिहितेय. काही ताऱ्यांच्या वर्णपटात (प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्यात) लोह, निकेल, स्ट्रॉन्शियमच्या रेषा नेहमीपेक्षा ठळक दिसतात, कॅल्शियमच्या फिक्या. त्यांना ‘धातुसमृद्ध तारे’ म्हटलं तर चालेल का?

निपाणी : नको ताई. खगोलशास्त्रात हायड्रोजन-हेलियम सोडून सगळेच ‘धातू’. त्यामुळे धातुसमृद्ध म्हटलं की अख्खा तारा तसा, असं वाटतं. इथं बदललेला असतो तो वरचा थर. १९७० मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज मिशो यांनी कारण मांडलं: थर शांत असला की जी मूलद्रव्यं प्रकाश जास्त शोषतात ती वर रेटली जातात, बाकीची खाली बसतात. सुपात पाखडताना हलकं-जड ठरवतं. इथं प्रकाश किती शोषला जातो ते. ‘धातुरेषी’ म्हणा. वर्णपटात जे दिसतं तेवढंच तो शब्द सांगतो.

खानापूर : जोडीचा संबंधही त्या शांत थराशीच आहे. तारा गरागरा फिरत असेल तर सगळं ढवळून निघतं. जोडीदार जवळ असला, काही दिवसांतच फेरी पुरी करत असला, तर भरती-ओहोटीच्या ओढीनं ताऱ्याची गिरकी मंदावते. म्हणून धातुरेषी तारे बहुतेक जोडीतच सापडतात. व्याधसुद्धा धातुरेषी, पण त्याचा श्वेतबटू (इंधन संपून आक्रसलेला छोटा, घन तारा) साथीदार फेरीला सुमारे ५० वर्षं घेतो. तिथं हे कारण लावू नका.
जांबोटीकडच्या काळोखात मुलांना उत्तरा भाद्रपदेतला अल्फेराट्झ जरूर दाखवा. नुसत्या डोळ्यांना तो एकच दिसतो, आहे मात्र जोडतारा. फेरी सुमारे ९७ दिवसांची. त्यातल्या मोठ्याच्या पृष्ठभागावर पारा आणि मँगनीज भरपूर. तो ‘पारा-मँगनीज तारा’, धातुरेषी नव्हे.

चिकोडी : मग बेरियम तारेही (ज्यांच्या वर्णपटात बेरियमच्या रेषा ठळक असतात ते) यातच घालू?

निपाणी : अजिबात नको! तिथं माल बाहेरून आलाय. जोडीदार राक्षसी अवस्थेत, म्हणजे म्हातारपणी खूप फुगलेला, असताना त्याच्या पोटात तयार झालेलं बेरियम या ताऱ्यावर येऊन पडलं. तो जोडीदार आता श्वेतबटू झालाय. एक घरातल्या घरात वेगळं झालेलं, दुसरं शेजाऱ्याकडून आलेलं. दोन्हींना मिळून ‘रासायनिकदृष्ट्या विलक्षण’ म्हणा हवं तर, पण खाली दोन परिच्छेद वेगळे करा.

बेळगाव : अजून एक. आपल्याकडची मुलं कन्नडच्या सवयीनं ‘जोडी नक्षत्र’ लिहितील. कन्नडमध्ये कुठलाही तारा नक्षत्रच, मराठीत नक्षत्रं २७. तेव्हा ‘जोडतारा’च ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथं कन्नड शब्दही शेजारी द्या.