बिझनेस इकॉनॉमिक्स झालं, आता नक्की कशासाठी अर्ज करायचा?

प्रश्न: मिरजवाली

नमस्कार मंडळी. शेवटचं सेमिस्टर चालू आहे, बिझनेस इकॉनॉमिक्स. आत्तापर्यंत ६८ टक्के. घरी रोज नवा सल्ला मिळतो. आत्या म्हणते बँकेच्या परीक्षा दे. आमचे सर म्हणतात मास्टर्स केल्याशिवाय या विषयाला किंमत नाही. मैत्रीण पुण्यात एमबीए सीईटीच्या क्लासला गेलीय आणि मलाही ये म्हणते. मी नोकरीच्या साइटवर 'बिझनेस इकॉनॉमिस्ट' टाकून बघितलं, तर दोन-चार जाहिराती मुंबईच्या, त्याही पाच वर्षांच्या अनुभवाच्या. बारावीला गणित घेतलं नव्हतं, एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) होतं. घरचं परत शिकायला पैसे घालायचं बळ मर्यादित आहे. या डिग्रीवर खरोखर कोण नोकरी देतं, ते त्याच कामात असलेल्यांनी सांगावं.

उत्तर १: कात्रज_बोगदा

एमबीए कर. नुसत्या बी.कॉम., बी.ए.ला आजकाल कुणी विचारत नाही.

उत्तर २: इचलकरंजीचा धोटा

वरच्या साहेबांनी एका ओळीत निकाल लावला. मी जरा लांबण लावतो. मी इचलकरंजीत एका बँकेच्या कर्ज विभागात आहे, मुलगी तुझ्याच वयाची, म्हणून अगं-तुगं करतो.

'बिझनेस इकॉनॉमिस्ट' या नावाच्या खुर्च्या देशात थोड्या, आणि त्यांना मास्टर्स लागतेच. पण तू शिकलीस ते काम आमच्याकडे रोज चालतं. फक्त पाटी वेगळी असते: क्रेडिट ऑफिसर, क्रेडिट ॲनालिस्ट, प्रायसिंग, डिमांड प्लॅनिंग, एमआयएस (वरिष्ठांसाठी आकड्यांचे अहवाल). यातली नावं टाकून शोध, जाहिराती दिसायला लागतील.

काम कसलं, ते सांगतो. आमच्याकडे एक खर्चीवाला आला. बाहेरच्यांसाठी: खर्चीवाला म्हणजे ज्याचे माग स्वतःचे, पण सूत व्यापाऱ्याचं. हा कापड विणून देतो आणि पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजावर, मजुरी घेतो. त्याला कॅश क्रेडिटची (धंद्याला लागेल तसे पैसे उचलायच्या कर्जखात्याची) लिमिट वाढवून हवी होती. लहान उद्योगांना नायक समितीची पद्धत लावतात: वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागेल असं धरायचं, २० टक्के बँकेनं द्यायचं, ५ टक्के मालकानं घालायचं. सोपं वाटतं ना? आमच्या नव्या ट्रेनीनं, चांगला एमबीए पोरगा, सीएमए डेटा, म्हणजे कर्जासाठीचा आकड्यांचा तक्ता, भरला आणि कारखान्यात पडलेलं सूत स्टॉकमध्ये धरलं, कापडाची किंमत उलाढालीत धरली. लिमिट भरघोस निघाली. अरे, पण सूत त्याचं आहे का? त्याची उलाढाल म्हणजे निव्वळ मजुरी. त्याचा पैसा अडकतो तो व्यापाऱ्याकडच्या येण्यात, कामगारांच्या पगारात आणि वीजबिलात. हा धंदा कुठे कमावतो आणि कुठे अडकतो, हे ज्याला पाच मिनिटांत दिसतं तो माणूस आम्हाला हवा असतो. डिग्री कुठली हे नंतर.

तोच मालक जाता जाता म्हणाला, "साहेब, रेट पडलाय. माग बंद ठेवू का?" आता हा तुझा पहिल्या वर्षाचा धडा, सरासरी बदलता खर्च आणि शटडाउन पॉइंट. आकडे समजुतीसाठी घेतो. महिन्याची मजुरी २,४०,०००. कामगार, वीज, कांडी, सुटे भाग मिळून २,१०,०००. कर्जाचा हप्ता ५५,०००. चालू ठेवले तर २५,००० खिशातून जातात. बंद केले तर हप्त्याचे सगळे ५५,००० जातात, वर वीजबिलातला स्थिर आकार बंद मागालाही सुटत नाही. म्हणून मजुरी २,१०,०००च्या वर आहे तोवर चालवायचे. त्या माणसानं आलेख कधी बघितला नसेल, पण गणित तोंडपाठ होतं. आपलं काम पुढचं: २५,०००ची खोट तो किती महिने सोसेल आणि त्यानंतर हप्ता थकेल का? परीक्षेत आलेख काढून पाच मार्क मिळतात. इथे खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं की वाचतं ते ठरतं.

आता मास्टर्सचं. तुझे सर पूर्ण चुकीचे नाहीत. काही दारं मास्टर्सशिवाय उघडतच नाहीत. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस, म्हणजे यूपीएससीची वेगळी परीक्षा, तिला अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, बिझनेस इकॉनॉमिक्स किंवा इकॉनोमेट्रिक्समधली पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३०, आणि जागा बोटावर मोजण्याइतक्या. रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी अधिकाऱ्यांच्या भरतीत अर्थशास्त्र विभागाच्या जागांनाही मास्टर्सच. प्राध्यापकी करायची तर मास्टर्स आणि वर नेट-सेट. बिझनेस इकॉनॉमिक्सवाले नेटला अर्थशास्त्राच्याच पेपरला बसतात. उलट ग्रेड बीची जनरल शाखा पदवीवर देता येते (खुल्या गटाला ६० टक्के, तुझ्याकडे आहेत), आयबीपीएस पीओ, म्हणजे सरकारी बँकांतल्या अधिकारी भरतीची परीक्षा, तीही पदवीवर. आत्या बरोबर बोलतेय, फक्त तिला परीक्षांचे फरक माहीत नसतील.

गणिताचा विचार मात्र आत्ताच कर. गोखले इन्स्टिट्यूट असो वा दिल्ली, मास्टर्सला पहिल्याच सहामाहीत डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, रिग्रेशन समोर येतं. एसपीवाल्यांना जमत नाही असं नाही, पण आधी सहा महिने अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं घेऊन बसावं लागेल. ते करताना मजा आली तर मास्टर्स कर. नोकरी मिळत नाही म्हणून मास्टर्स करू नकोस.

उत्तर ३: चाकणकर_बाई

दादांचं पटलं, पण बँक म्हणजेच सगळं नव्हे. मी असंच शिकून चाकणला एका कंपनीत डिमांड प्लॅनिंग करते. कुठला माल किती लागेल याचा अंदाज बांधायचा आणि तो चुकला की स्टोअरवाल्यांचं ऐकून घ्यायचं.

मुलाखतीत मला तीन वर्षांच्या महिनावार विक्रीची एक्सेल शीट दिली आणि विचारलं, ऑक्टोबर एका वर्षी इतका वर आणि दुसऱ्या वर्षी इतका खाली का? सोबतचे उमेदवार सरासरी काढत बसले. मी कॅलेंडर मागितलं. दिवाळी एका वर्षी नोव्हेंबरच्या मध्याला येते (२०२३ आठवा), एका वर्षी ऑक्टोबरात (२०२५), त्यामुळे सणाआधीची उचल महिना बदलते. ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी करून उपयोग नाही. एवढ्यावर नोकरी लागली असं नाही म्हणत, पण त्यानंतर साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि नीट बोलायला लागले.

एक्सेलचं पिव्होट आणि लुकअप हात न अडखळता यायला हवं, आणि थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा). दोन्ही घरबसल्या फुकट शिकता येतं. सुरुवातीचा पगार पुण्यात खोलीभाडं आणि मेस भागवून फार उरेल असा नसतो, हे घरी आधीच सांगून ठेव.

मिरजवाली

सगळ्यांचे खूप आभार. काका, ते मजुरीचं उदाहरण मी दोनदा वाचलं, आमच्या नोट्समध्ये नुसता यू आकाराचा वक्र आहे. चाकणकर ताई, एसक्यूएल आजपासून सुरू. एक शंका: बँकेत किंवा कंपनीत पहिल्या मुलाखतीला दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. इंटर्नशिप झालेली नाही. आमचं तेल-डाळींचं होलसेल दुकान आहे, उधारीची वही मी लिहिते, इतकंच.

इचलकरंजीचा धोटा

"इतकंच" काय म्हणतेस! ती वही घे आणि एक्सेलमध्ये उतरव. गिऱ्हाइकांची नावं काढून ए, बी, सी टाक. प्रत्येक बिलापुढे किती दिवस झाले ते लिही आणि चार रकाने पाड: ३० दिवसांच्या आत, ३० ते ६०, ६० ते ९०, त्यापुढे. मग बघ, सगळ्यात जास्त माल नेणारा गिऱ्हाईक पैसे किती दिवसांनी देतो. तेवढ्या दिवसांचं व्याज त्याच्याकडून तुम्हाला मिळणाऱ्या नफ्यातून वजा कर. बहुतेक दुकानांत पहिल्या नंबरचा गिऱ्हाईक तिथे घसरतो. एवढा एक कागद नीट करून आणलास तर कुठलाही क्रेडिट मॅनेजर अर्धा तास तुझ्याशी त्यावरच बोलेल. मी तरी बोलेन.

आणि दुकानाचं कॅश क्रेडिट असेल तर बँकेला दरमहा स्टॉक स्टेटमेंट जात असेल. या महिन्याचं तू भर. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या खात्यातून किती उचलता येईल, ती कशी निघते ते हातानं काढून बघ: माल अधिक येणी, वजा देणी, वजा मार्जिन (मालकानं स्वतः घालायचा हिस्सा). जुनी येणी त्यात बँक धरत नाही, हेही तेव्हाच कळेल.

मिरजवाली

कॅश क्रेडिट आहे. स्टेटमेंट आमचे दिवाणजी भरतात. बाबा म्हणतात, ते गेली कित्येक वर्षं अंदाजपंचेच भरतायत.

इचलकरंजीचा धोटा

ते बँकेला माहीत असतं.