पॅटर्नमध्ये १० नंबरची सुई आहे, पण विण फारच घट्ट येतेय

लोकरगुंडी:
नमस्कार. मोठ्या माणसाच्या टोपीचा एक अमेरिकन पॅटर्न करायला घेतलाय. जाड लोकर, १० नंबरच्या सुया, ७५ टाके, आणि १० सेंमीत १५ टाके बसायला हवेत असं त्यात दिलंय. आईच्या जुन्या सुयांच्या बोंडावर १० आकडा आहे, म्हणून त्याच घेतल्या. नमुन्याचा तुकडा विणून मोजला तर १० सेंमीत २२ टाके! विणही पुठ्ठ्यासारखी कडक. माझा हातच घट्ट आहे का? सैल विणायचा सराव करू की सरळ टाके वाढवू?

उलटसुलट:
हाताला दोष देऊ नका, सुया वेगळ्या आहेत. जुन्या ब्रिटिश नंबरांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. अमेरिकन नंबरांत जाड होते. ब्रिटिश १० म्हणजे ३.२५ मिमी आणि अमेरिकन १० म्हणजे ६ मिमी. आईच्या सुया ब्रिटिश नंबरच्या असणार. १० सेंमीत २२ टाके धरले तर तुमची टोपी जेमतेम ३४ सेंमी घेराची होईल. हवी आहे ५० ची.

टाके वाढवलेत तर घेर जुळेल, पण कडकपणा तसाच राहील आणि टोपी डोक्यावर ताणणार नाही. मुद्दाम सैल विणायच्या तर फंदातच पडू नका. चार ओळी सैल येतात, मग लक्ष गप्पांत गेलं की हात आपल्या चालीवर येतो आणि एकाच तुकड्यात दोन तऱ्हेची विण दिसते. सुई बदला.

मी शिकवायला बसले की आधी मापाची भोकं असलेली पट्टी हातात देते. सुईचं टोक निमुळतं असतं, त्यामुळे टोक नाही, दांड्याचा सरळ भाग भोकातून घालून बघा. जाताना अडकला नाही आणि आत डुगडुगलाही नाही, की ते तुमचं माप. पट्टीवरचे मिलिमीटर वाचा.

आणि नमुना छोटा नको! कडेचे टाके वेडेवाकडे असतात, सुलट विणीच्या कडा वळतातही. चांगला १५ सेंमीचा चौकोन विणा, धुवा, न ताणता सपाट वाळवा, मग मधले १० सेंमी मोजा. अर्धा टाकासुद्धा धरायचा. लोकर धुतल्यावर मोकळी होते, म्हणून सुईवर असतानाचं माप मी कधीच धरत नाही. टाके जास्त भरले तर अर्ध्या मिमीने जाड सुई, कमी भरले तर बारीक.

साखळीखांब:
क्रोशाचं थोडं सांगते. तिथेही मिमीच बघा, पण माप सुईच्या दांड्याचं. टाक्याचा आकार दांड्यावर ठरतो, टोकाच्या आकड्यावर (हुकावर) नाही. नवीन मुली फास आकड्याजवळच्या अरुंद भागावरच ठेवतात आणि पुढच्या ओळीत सुई आत शिरत नाही म्हणून रडकुंडीला येतात. फास दांड्यावर सरकवून मगच ओढून घ्यायचा. लेसच्या बारीक स्टीलच्या सुयांना मात्र नंबर वाढला की सुई बारीक, हे लक्षात ठेवा.

लोकरगुंडी:
उलटसुलट ताई, पट्टीत घालून बघितली. ३.२५ च निघाली! आता ६ मिमीच्या गोल सुया घेते. नमुना सरळ सुयांवर विणला तर चालेल ना?

उलटसुलट:
टोपी गोल विणणार असाल तर नमुनाही गोल विणा. सरळ सुयांवर एक ओळ सुलट, एक उलट येते. गोल विणताना सगळे टाके सुलटच. पुष्कळ जणींचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो, मग दोन्हींची मापं जुळत नाहीत. त्यासाठी पूर्ण गोल विणायची गरज नाही. दोन्ही टोकं उघडी असलेल्या सुईवर टाके घाला, सुलट ओळ झाली की तुकडा न उलटता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागून सैल आणा आणि पुन्हा सुलटच विणा. मागचे धागे चांगले लांब ठेवा, नाहीतर तुकडा आक्रसतो आणि माप चुकतं.