सहा महिने गाडी पार्किंगमध्येच राहणार, रंगाचं काय करू?

मेधाताई, बी २०३: नमस्कार मंडळी. आम्ही दोघं ९ जूनला मुलाकडे अमेरिकेला निघतोय, थेट डिसेंबरात परत. गाडी इथेच राहील. बॅटरी आणि टायरचं काय करायचं ते मेकॅनिकनं सांगितलंय, मला काळजी आहे ती रंगाची. गडद निळी गाडी, तिच्यावर सगळंच दिसतं. यांनी निवृत्तीनंतर इतक्या हौसेनं घेतलीये, अजून दोन वर्षंही झाली नाहीत. मागे दीड महिना गावी गेलो होतो तेव्हा टपावर कबुतरांची घाण पडून वाळली. ती निघाली, पण खाली डाग राहिला तो अजून आहे. आता ताडपत्रीसारखं जाड प्लास्टिकचं कव्हर घ्यावं म्हणतेय. चालेल ना?

संदीप, सी १०४: प्लास्टिक नको ताई, हात जोडून सांगतो.

संदीप, सी १०४: रत्नागिरीला बाबांची गाडी होती. बाबा आजारपणात माझ्याकडे आले, म्हणून मी जूनच्या आधी जाऊन गाडी पडवीलगतच्या शेडमध्ये लावली. वर निळी ताडपत्री टाकली आणि सुतळीनं चारी बाजूंनी करकचून बांधली. मला वाटलं, आता थेंबसुद्धा आत जाणार नाही. गणपतीला गेलो, सुतळी सोडली, ताडपत्री उचलली, तर तिच्या आतल्या बाजूनं पाणी ओघळत होतं. शेड कुठेही गळत नव्हती. बॉनेटवर जिथे ताडपत्री टेकली होती तिथे पांढरट गोल डाग होते, हात फिरवला की बारीक पुरळ लागावं तसं लागायचं. दाराच्या रबरांवर बुरशी. आणि आरशाखाली जिथे ताडपत्री टेकत नव्हती, नुसती लोंबत होती, तिथला रंग ठणठणीत. बाबांना दाखवताना मला फार वाईट वाटलं.

मेधाताई, बी २०३: अरे बापरे. मग पाणी आलं कुठून?

सुनीलकाका, ए ३०१: हवेतूनच. कोकणात पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. रात्री पत्रा गार पडतो, त्यावर दंव धरतं, आणि प्लास्टिकमुळे ते वाळायला जागाच राहत नाही. ओलं प्लास्टिक रंगाला महिनोन्‌महिने चिकटून राहिलं की ओल हळूहळू थरात शिरते आणि रंग फुगतो. संदीपनं जिथे टेकलं आणि जिथे लोंबलं हा फरक टिपला ना, सगळं त्यातच आहे.

सुनीलकाका, ए ३०१: मेधाताई, मी चिंचवडला गाड्यांच्या कारखान्यात ३१ वर्षं पेंट शॉपला काढली. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका. गाडीच्या पत्र्यावर आधी फॉस्फेटचा थर, मग गाडी टाकीत बुडवून विजेवर चढवलेला ईडीचा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. एवढं सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सचा एक कागद. त्यात क्लिअर कोट ४०च्या आसपास, डोक्याच्या केसाहूनही बारीक. तुम्हाला जी चमक दिसते ती एवढ्याशा थराची. तो गेला की पॉलिशवाला काही नवा आणून देत नाही, उरलेलाच घासून सपाट करतो. म्हणून मुळात ओरखडा पडू न देणं महत्त्वाचं.

मेधाताई, बी २०३: कंटाळा कसला काका, लिहा. कबुतरांचा डाग का गेला नाही?

सुनीलकाका, ए ३०१: त्या घाणीत युरिक आम्ल असतं हे एक. दुसरं असं की दुपारी पत्रा तापला की क्लिअर कोट किंचित मऊ होऊन पसरतो आणि रात्री आकसतो. वर घाण कडक वाळलेली असते, कोट तिच्याभोवती आकसून बसतो आणि तिचा ठसा घेतो. म्हणून धुतल्यावरही कडेनं बघितलं की तिथे खळगा दिसतो. एका दिवसात पुसली असती तर काही झालं नसतं. पुसायची म्हणजे आधी ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून भिजवायची, मग अलगद उचलायची. नखानं खरवडायची नाही, त्यात वाळूचे कण असतात.

सेक्रेटरी, ए ५०१: मध्येच लिहितो, माफ करा. उद्या टँकर सकाळी ७ ला येईल, गेटसमोर गाड्या लावू नका.

प्राजक्ता, सी ३०२: मेधाताई, गाडी पुसायला येतो त्या दादांनाच सांगा ना, रोज फडकं मारत जा म्हणून. धूळ साठणारच नाही.

सुनीलकाका, ए ३०१: प्राजक्ता, तुझा हेतू चांगला आहे गं, पण हेच नको. आपल्या पार्किंगमधली धूळ म्हणजे सिमेंट आणि वाळूची भुकटी. कोरड्या फडक्यानं ती रोज गोल गोल फिरवायची म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवल्यासारखं. गडद गाडीवर उन्हात जाळ्यासारख्या रेघा दिसतात त्या याच. ते दादा मेहनती आहेत, पण एका बादलीत सात गाड्या पुसतात, आधीच्या सहा गाड्यांची माती तुमच्या बॉनेटवर येते. सहा महिने त्यांनी हात लावला नाही तर रंग जास्त सुरक्षित राहील. त्यांचे महिन्याचे पैसे मात्र बंद करू नका ताई, कव्हर सरकलंय का, काही गळतंय का, एवढं रोज बघायला सांगा.

मेधाताई, बी २०३: हे पटलं. पैसे देतेच मी त्यांना. पण मग कव्हर कुठलं आणि आधी काय करायचं?

सुनीलकाका, ए ३०१: कव्हर टाकताना गाडीवर जे राहील ते सहा महिने तिथेच बसून आपलं काम करत राहील. धूळ राहिली तर घासेल, घाण राहिली तर खाईल, ओल राहिली तर फुगवेल. त्यामुळे निम्म्याहून जास्त काम कव्हरच्या आधीचं आहे.

सुनीलकाका, ए ३०१: आता धुण्याचं. आधी नुसत्या पाण्यानं भरपूर धुवायची, हात न लावता. चाकांवरच्या कमानी आणि खालची बाजूसुद्धा. मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत गाडी धुण्याचा शाम्पू, एकीत साधं पाणी. गाडी धुण्याचा मऊ हातमोजा फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शाम्पूत बुडवायचा. टपापासून सुरुवात, खालचे पट्टे शेवटी. भांड्यांचा साबण अजिबात नको, तो आधीचं मेण धुऊन काढतो. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून चमक आणतात तेही नको. ती चमक म्हणजे तेलाचा थर, त्यावर धूळ चिकटते आणि रबरं खराब होतात.

सुनीलकाका, ए ३०१: धुऊन झाली की हाताला पातळ पॉलिथिनची पिशवी घाला आणि बॉनेटवर अलगद हात फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागेल. ब्रेकचा लोखंडी चुरा, झाडांचा चीक असं बरंच काही रुतून बसलेलं असतं. त्यासाठी डिटेलिंगची माती मिळते, क्ले म्हणतात. ती ओल्या रंगावर हलकेच फिरवली की हे सगळं निघतं. खाली पडली तर तो गोळा टाकून द्यायचा, परत वापरायचा नाही. मग वर सिंथेटिक सीलंट लावा, म्हणजे मेणासारखाच रंग जपणारा पातळ थर. साधं मेणही छान, पण ते लवकर उतरतं.

नितीन, बी ४०१: सिरॅमिक कोटिंग करून घेतलं तर काका? माझ्या गाडीला आहे.

सुनीलकाका, ए ३०१: असेल तर उत्तम, घाण लवकर सुटते. पण फक्त गाडी उभी राहणार म्हणून मेधाताईंनी एवढा खर्च करावा असं मला वाटत नाही. शिवाय कोटिंग असूनही कबुतरांची घाण महिनाभर राहिली तर डाग पडतोच.

मेधाताई, बी २०३: मागचा बंपर गेल्याच आठवड्यात रंगवून घेतलाय, घासला होता. त्यालाही सीलंट लावायचं का?

सुनीलकाका, ए ३०१: बरं झालं विचारलंत! नाही, त्याला काहीही लावू नका. कारखान्यात रंग १४०च्या आसपास तापमानाला भट्टीत भाजून निघतो. गॅरेजमध्ये तेवढं तापवता येत नाही, त्यामुळे त्या रंगातलं थिनर पुढे महिना-दोन महिने हळूहळू उडत राहतं. वरून सीलंट लावलं तर ते आत कोंडतं. तो बंपर फक्त धुवा, नीट वाळवा. कव्हरही हवा खेळणारंच हवं, त्याचं हे आणखी एक कारण.

संदीप, सी १०४: आणि धुतल्यावर लगेच कव्हर नका टाकू ताई.

सुनीलकाका, ए ३०१: अगदी. वरून कोरडी दिसली तरी आरशाच्या खाचेत, नंबर प्लेटमागे, डिकीच्या कडेला, पेट्रोलच्या झाकणात पाणी असतंच. धुऊन झाली की हायवेला दहा किलोमीटर फिरवून आणा. पाणी झटकलं जातं, ब्रेकही वाळतात. परत आल्यावर दारं आणि डिकी उघडी ठेवून पुन्हा पुसा, पूर्ण गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कव्हर. ते आतून मऊ अस्तराचं, हवा खेळणारं आणि तुमच्या मॉडेलच्या मापाचं घ्या. ढगळ कव्हर वाऱ्यानं फडफडतं, आणि जुलैत आपल्या पार्किंगमधून वारा कसा वाहतो ते माहीत आहे. फडफडलं की दारांच्या कडा आणि आरसे घासले जातात. खालून पट्टे बांधायचे, पण संदीपनं बांधलं तसं करकचून नाही.

नितीन, बी ४०१: ताईंचा स्लॉट १७ ना? तिथे वरून गळतं. मागच्या पावसाळ्यात माझ्या पाहुण्यांची गाडी तिथे तीन आठवडे होती. बॉनेटवर पांढऱ्या धारा वाळल्या होत्या. मी भांड्यांच्या तारेच्या घासणीनं काढायला गेलो आणि रंगच खरवडला. त्यांना भरपाई दिली, पण अजून त्यांच्यासमोर जायला अवघड वाटतं.

सुनीलकाका, ए ३०१: नितीन, आधी सांगायला हवं होतंस रे. मेधाताई, माझ्या मते कबुतरांपेक्षा हे वाईट. स्लॅबच्या जोडातून झिरपणारं पाणी काँक्रीटमधला चुना घेऊन येतं. ते इतकं क्षारीय असतं की क्लिअर कोटला थेट खातं, आणि हवा लागली की वाळून दगडासारखं घट्ट बसतं. कव्हर असलं तरी पाणी कापडातून झिरपून रंगावर पोचणारच. स्लॉट १७ वर गाडी ठेवूच नका.

सुनीलकाका, ए ३०१: आणि कुणाच्या गाडीवर अशा धारा पडल्याच तर घासू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करायचं, फडकं भिजवून डागावर चार-पाच मिनिटं ठेवायचं, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. चुना विरघळतो. एकदा नाही निघालं तर पुन्हा करायचं. उन्हात किंवा तापलेल्या पत्र्यावर करायचं नाही. त्याखाली खळगा पडला असेल तर तो मात्र पॉलिशवाल्याकडेच.

मेधाताई, बी २०३: सेक्रेटरी साहेब, सहा महिन्यांपुरता दुसरा स्लॉट मिळेल का? हवं तर लेखी अर्ज देते.

सेक्रेटरी, ए ५०१: जोडाचं वॉटरप्रूफिंग मंजूर आहे, पण काम आता दिवाळीनंतरच होईल, पावसात करता येत नाही. तुम्हाला ९ नंबर देतो, तो सध्या रिकामा आहे. वर पाइप नाही, त्यामुळे कबुतरं बसत नाहीत. फक्त एक सांगून ठेवतो, जुलैत जिन्याच्या ग्रिलचं काम आहे, ते ९ च्या समोरच.

सुनीलकाका, ए ३०१: मग त्या कामाआधी माझ्याशी बोला साहेब. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेलं लोखंड. कव्हरला भोकं पाडून ते कण रंगात रुततात आणि दोन पावसांत नारिंगी ठिपके उमटतात. लोकांना वाटतं पत्रा गंजला. कटिंग आणि वेल्डिंग गेटबाहेर करून घ्या. इथे फक्त बसवायचं, आणि तेवढ्या वेळापुरतं मध्ये प्लायवूड उभं करू.

सेक्रेटरी, ए ५०१: ठेकेदाराला लेखी देतो.

प्राजक्ता, सी ३०२: गणपतीचा मांडव ८, ९, १० वरच असतो की! गाडी तेव्हा हलवायला लागेल.

सुनीलकाका, ए ३०१: हो, ते विसरलोच. प्राजक्ता, बरं आठवण केलीस. गाडी ढकलायची नाही हं कुणी. धुळीच्या कव्हरवर दहा जणांचे हात टेकले की त्याखाली काय होतं ते आता सगळ्यांना कळलंय. कव्हर आधी काढायचं, तेही ओढत नाही. दोन्ही बाजू टपाकडे दुमडायच्या, धूळ घडीच्या आत राहील अशा, मग पुढून मागे गुंडाळायचं. गाडी चालू करून नीट वीस मिनिटं फिरवायची, गार झाली की नव्या जागी कव्हर. बॅटरीची वायर काढून ठेवणार असाल तर ती जोडायला मी आहे.

मेधाताई, बी २०३: काका, चावी तुमच्याकडेच ठेवू का? आणि सोसायटीच्या इन्शुरन्सच्या फाइलमध्ये गाडीच्या कागदांची प्रत देऊन ठेवते.

सुनीलकाका, ए ३०१: ठेवा. दर पंधरा दिवसांनी कव्हर उचलून बघेन, ओल वाटली तर दुपारभर उघडी ठेवेन. फोटो तुम्हाला पाठवत जाईन.

संदीप, सी १०४: ताई, शनिवारी सकाळी ६ ला मी खाली येतो, ऊन चढायच्या आत धुऊन होईल. माझ्याकडे दोन्ही बादल्या, मोजा आणि क्ले आहे. शाम्पू तेवढा आणा.

नितीन, बी ४०१: मीपण येतो. मायक्रोफायबरचे चार नवे टॉवेल आहेत, तेच वापरू.

मेधाताई, बी २०३: शनिवारी ६ ला नक्की. यांना वाचून दाखवलं सगळं. म्हणाले, नाश्त्याला सगळ्यांनी वरच यायचं, पोहे असतील.