'हाऊ टू स्टील अ मिलियन' : हलकाफुलका म्हणून कमअस्सल?

शनिवारी रात्री आईबरोबर हा १९६६ चा सिनेमा पुन्हा पाहिला. निकोलचे (ऑड्री हेपबर्न) वडील पॅरिसमध्ये बड्या चित्रकारांच्या हुबेहूब नकला करून विकतात. निकोलच्या आजोबांनी घडवलेली व्हीनसची मूर्ती ते चेलिनी या सोळाव्या शतकातल्या इटालियन शिल्पकाराची म्हणून संग्रहालयाला प्रदर्शनासाठी देतात, विम्याच्या कागदावर सही करतात आणि मग कळतं की तज्ज्ञ ती तपासणार आहे. आता घरचीच मूर्ती चोरण्यावाचून गत्यंतर नाही! त्यासाठी निकोल, तिला चोर वाटणाऱ्या सायमनला (पीटर ओ'टूल) गाठते.

असे सिनेमे 'टाइमपास' म्हणून निकालात काढतात, ते मला पटत नाही. संग्रहालयातल्या झाडू-बादल्यांच्या कोंदट खोलीत दोघं दाटीवाटीनं बसलीत, किल्ली बाहेर भिंतीवर टांगलेली. सायमन आतून लोहचुंबक फिरवत ती इंच इंच सरकवत कुलपापर्यंत आणतो. चोरी आणि प्रेम एकाच श्वासात पुढे जातं. आईनं हातातला चहा तसाच धरून ठेवला होता.

प्रतिसाद : नाही पटलं. त्या खोलीपर्यंत पोचायलाच अर्ध्याहून जास्त सिनेमा जातो. फॅशन डिझायनर जिव्हाँशीनं बेतलेले हेपबर्नचे कपडे बघत किती वेळ बसायचं? याच सिनेमाचा दिग्दर्शक विल्यम वायलर, त्यानंच १९५३ साली 'रोमन हॉलिडे' केला होता. त्यात शेवटी काहीतरी गमवावं लागतं, म्हणून तो मनात राहतो. इथे कुणाचंच काही बिघडत नाही.

प्रतिसाद : माझा आक्षेप वेगळा आहे. बाप लोकांना फसवतो आणि सिनेमा त्याचं कौतुक करतो. शेवटी 'सोडलं' म्हणतो आणि लगेच नवं गिऱ्हाईक दारात! मी चित्रकलेची शिक्षिका आहे. दुसऱ्याच्या नावाची सही ठोकणं ही माझ्या लेखी गंमत नाही.

प्रतिसाद (धागाकर्ती) : ताई, तुमचा मुद्दा मान्य, बापाला सिनेमा फारच सहज सोडतो. पण निकोलला ते पटत नसतं, ती पहिल्यापासून त्याला बजावत असते. तिची सगळी धडपड बापाला वाचवायची आहे, पैशासाठी नाही.
संथपणाबद्दल मात्र ठाम असहमत. सायमन बूमरँग फेकून अलार्म वाजवतो, रखवालदार धावतात, काहीच सापडत नाही. पुन्हा तेच. शेवटी वैतागून ते स्वतःच अलार्म बंद करतात. यंत्राला हरवायचं नाही, माणसाचा त्यावरचा विश्वास उडवायचा! हे घाईत दाखवलं असतं तर पटलंच नसतं.

प्रतिसाद : बूमरँगला +१. आणि सकाळी मूर्तीच्या जागी दारूची बाटली!

प्रतिसाद : बूमरँग मलाही आवडलं हो. तरी पहिला पाऊण तास पुन्हा बघणार नाही.