ठसका आणि पेज
या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की पक्षाघात झालेल्या माणसाला जेवताना ठसका लागत नसेल तर गिळणं ठीक आहे, काळजीचं कारण नाही. हे पटलं नाही. पक्षाघातानंतर घशाची संवेदनाच कमी झालेली असू शकते. मग घास श्वासनलिकेत उतरला तरी खोकला येत नाही. कळतं ते पुढे, ताप आणि न्यूमोनिया झाल्यावर. जेवल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा येतो का ते बघा, पण खात्री होते ती बेरियम मिसळलेला घास गिळताना घेतलेल्या एक्स-रे व्हिडिओने, नाहीतर नाकातून बारीक दुर्बीण घालून.

पेजेचा विषय मात्र अजून कोणी काढला नाही. आपल्याकडे गोव्यात माणूस आजारी पडला की आधी पेज. फोंड्याला पक्षाघात झालेल्या माझ्या सासऱ्यांसाठी शेजारपाजारचे सगळे हेच सुचवत होते. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी नेमकी तीच बंद केली. पाणी आधीच घशात पळतं, शितं तोंडात मागे राहतात, आणि कमजोर जिभेला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. त्याऐवजी नाचणीची तिझण (खिरीसारखा पदार्थ), गाळून, त्यांनी दाखवली तितकी दाट (हे प्रमाण प्रत्येक पेशंटचं वेगळं). तीही थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून भरवायची, कारण उष्टा चमचा परत परत बुडवला की लाळेने पिठूळ पदार्थ पातळ होतो. सोलकढीही पातळच, म्हणून तीही गेली. त्यावरून घरात बरंच महाभारत झालं.